साठपर्यंत

माथारपाखाडीत आमच्या घरामागे
पत्र्याच्या शेडमध्ये पपांचा लेथ होता
आणि भिंतीवर चौकटीत दोन कागद,
एक लग्नाचा, एक बंदूक-दुरुस्तीच्या परवान्याचा.
मम्मी म्हणायची, दुसऱ्याचं नूतनीकरण
हा माणूस एकदाही विसरला नाही.

गोदीतली फिटरची नोकरी पोटाला.
शेड कशाला, ते पपांना सांगता आलं नाही कधी.
हातिमभाईंच्या दुकानातून गोणपाटात, पावतीसकट,
एखादी एकनळी यायची,
घोड्याची स्प्रिंग मेलेली, दस्ता वाळवीने चाखलेला.
पपा तिला मधोमध मोडायचे, नळीतून आभाळ बघायचे.
रिकामी आहे ना, बघायचं.
मग परत बघायचं.
मग ज्याने बघितलं नाही, त्याला बघायला लावायचं.
ती तिसरी मी. वय वर्षं नऊ.
नळीच्या टोकाला नाण्याएवढं आभाळ,
कडेला तेलाची वलयं.

चाचणी रविवारी, मिस्सा आटपून,
मुलुंडपलीकडच्या खाणीतल्या रेंजवर.
पहिला बार हातात नाही. कुणाच्याच नाही.
लाकडी घोडीवर सायकलच्या ट्यूबने आवळलेली बंदूक,
समोर मातीचा ढिगारा, चापाला सुतळी,
आणि आम्ही वाळूच्या पोत्यांमागे,
कानांत कापूस, तोंडात सुकेळी.
पपा म्हणायचे, लोखंड खोटं बोलत नाही,
पण खरं उशिरा सांगतं.

त्या दिवशी सुतळी ओढली
आणि नुसतं
टक्.

बस्त्याव उठलाच होता. पपांनी त्याची कॉलर धरून
त्याला असा बसवला की बटण तुटलं.
मोज, म्हणाले. मनात नको. तोंडाने.
आम्ही मोजलं. विसाला एक चतुर
नळीवर येऊन बसला. तिसाला उडाला.
चाळिसानंतर बस्त्याव घाई करायला लागला,
पपांनी त्याला पुन्हा चाळिसावर आणलं.
साठ झाले. काही झालं नाही.
ओलं काडतूस. नुसतं ओलं काडतूस होतं.
बटण शोधायला मात्र तासभर गेला.

दुसरं काडतूस नीट वाजलं.
पपांनी नळी कॅलिपरमध्ये धरली, चष्मा कपाळावर ढकलला,
तीनदा मापली आणि गप्प झाले.
केसाएवढी फुगली होती. केसाच्याही अर्ध्याएवढी.
बंदूक विचारे नावाच्या गृहस्थांची.
पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहिलं: उडवू नये.
विचारे शेडमध्ये येऊन ओरडले,
दुप्पट देतो, माझ्या आजाची आहे,
तुम्ही कारागीर की मॅजिस्ट्रेट?
पपांचे ओठ हलत होते. मला ऐकू येत होतं,
सत्तावीस. अठ्ठावीस.
मग म्हणाले, भिंतीला शोभेल, साहेब.
मजुरी घेतली नाही.

नंतर लक्षात आलं, घरातही तसंच.
मम्मीने ताट आपटलं की,
माझा दहावीचा निकाल हातात घेऊन,
बस्त्याव दुबईला न सांगता गेला तेव्हा
(तेव्हा बहुतेक साठ पुरले नाहीत).
आम्हाला वाटायचं, हा माणूस थंड आहे.
तो पोत्यांमागे बसून असायचा.

पपा गेल्यावर त्यांची स्वतःची एकुलती एक,
बावीस बोअरची, एका वेळी एकच गोळी घेणारी,
अक्रोडाची मूठ सात वर्षं घासून
स्वतःच्या तळहाताच्या मापाची केलेली,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून
मी पोलीस ठाण्यात जमा करायला नेली.
हवालदाराने रजिस्टर उघडलं. नाव विचारलं.
इनास परेरा. नातं? मुलगी.
मग पेन थांबवून विचारलं, भरलेली नाही ना?

मी खटका उघडला. बघितलं.
परत बघितलं.
मग टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.
आता तुम्ही बघा.

तो हसला, पण उचलली त्याने.
एक डोळा मिटून, तोंड खिडकीकडे करून,
बराच वेळ बघत राहिला.
खिडकीबाहेर गोदीची क्रेन होती.
त्याला काय दिसलं, मी विचारलं नाही.